तागुहीचा बळी

विचार करताना एप्रेम बुद्धिबळातल्या पांढऱ्या उंटाच्या टोकावर अंगठा घासत राहतो. त्या टोकाचा रंग केव्हाच उडाला आहे. यावरून या माणसाला निर्णय घ्यायला किती वेळ लागतो ते ओळखा! मला लग्नाचं विचारायचं म्हणून तो कित्येक वर्षं उंट घासतोय.

मी मात्र पक्की. ग्युमरीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. प्रत्येक शक्यता शेवटपर्यंत तपासल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणूनच त्या रविवारी एप्रेम पट घेऊन आमच्याकडे आला. वानाझोरच्या संघाशी फोनवरून सामना चालला होता. शेवटचा डाव! पाच वाजता त्यांचा पंच फोन करून चाल विचारणार होता. जिंकलो तर करंडक आमचा!

आईने वेगळाच हिशेब केला. रविवार, इस्त्रीचा शर्ट, काखेत खोका! तिने लगेच गाता, म्हणजे आमचा सणासुदीचा गोड पाव, भाजायला घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराला कान लावला.

आता आमच्या आर्मेनियन भाषेची एक अडचण. पटावरच्या वजिराला आम्ही राणी, म्हणजे 'तागुही' म्हणतो. आणि माझं नावही तागुही!

"तागुही ठेवून उपयोग नाही," एप्रेम म्हणाला. "नुसती जागा अडवते."

"मान्य. सोडून दे."

"बदल्यात काय मिळतं?"

"घोडा आणि दोन प्यादी."

"चालेल! घोडा तरी कामाचा!"

दारामागे गात्याचं ताट आदळलं.

थोड्याच वेळात आर्शाकमामा खाटिकखान्यातून थेट एप्रन घालूनच आला. मागोमाग जिन्यातले शेजारी.

"माझी भाची देऊन घोडा घेतोस?" मामा गरजला. "गाढवा!"

"मामा, तो पटाबद्दल बोलतोय!" मी म्हणाले.

"पटत नसेल तर तोंडावर सांगावं! सौदे कसले करतो?"

"आणि ही म्हणते, मान्य!" आईने हंबरडा फोडला. "तागुही जान, दोन प्याद्यांत गेलीस गं!"

"घोडा कितीचा आहे?" जिन्यातून कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. एप्रेमने उचलला. पंचाचा आवाज खोलीभर घुमला. "बोला, तागुही देताय का?"

मामा पांढराफटक. "वानाझोरलाही गिऱ्हाईक लावून ठेवलंय?" त्याने एप्रेमची कॉलर धरली. "शेवटचं विचारतो. तागुही हवी की नको?"

मी सगळं तपासलं होतं. तागुही दिली तर तीन चालींत मात. ठेवली तर करंडक वानाझोरला. यात तिळमात्र शंका नव्हती! एप्रेमने माझ्याकडे पाहिलं. 'दे' एवढंच मला म्हणायचं होतं.

काय करणार? त्याच क्षणी मला ठसका लागला.

"नाही देणार," एप्रेम फोनमध्ये म्हणाला. मग जिन्यातही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "तागुही माझी आहे! कुणालाही देणार नाही!"