सावलीचे वकील

सिद्राम वकील कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याकडे बघतात. यजमानाने बसा म्हटलेलं असतं, आतून पाण्याचा तांब्या येत असतो, आणि हे मान वर करून उभे. मग एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारतात, "ही वीज कुठली?"

माणूस सांगतो, "बोर्डाची."

"बोर्ड झाला पोचवणारा. मुळात कुठली?"

मुळात कुठली हे आमच्या सोलापुरात कुणी सांगू शकत नाही. पंखा फिरतोय यातच माणूस खूश असतो. मग वकीलसाहेबच सांगतात. यात बराचसा कोळसा आहे, दुपारी थोडं ऊन असतं, आणि तिकडे डोंगरावर पवनचक्क्या फिरत असल्या तर थोडा वाराही. "म्हणजे बघा की, तुमच्या डोक्यावरचा हा वारा मुळात वाराच होता. तिकडं तारेत शिरला, हितं येऊन परत वारा झाला." एवढं बोलून ते खुर्चीत बसतात आणि डोळे मिटून तो वारा अंगावर घेतात. यजमान मात्र आपल्याच पंख्याकडे संशयाने बघत राहतो.

जुळे सोलापूर या भागात आमच्या इमारतीत ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, घरची भाषा कानडी, त्यामुळे मराठी बोलताना दोन शब्दांच्या मध्ये जरा टेकतात. वकिली दिवाणी कोर्टात. लग्न केलेलं नाही. का केलं नाही, असं माझ्या बायकोने, सुनंदाने, एकदा सरळच विचारलं होतं. ते म्हणाले, "तारखा पडत गेल्या, वहिनी."

'मुळात' हा त्यांचा लाडका शब्द आणि त्यानेच त्यांच्या वकिलीचं नुकसान केलं. बांधाचं साधं भांडण असलं तरी त्यांचा युक्तिवाद दख्खनचं पठार कसं तयार झालं इथून निघायचा. एका न्यायाधीशांनी त्यांना म्हटलं होतं म्हणे, "वकीलसाहेब, लाव्हारस थंड झाला आहे असं कोर्ट गृहीत धरतं. आता पुढे या."

मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर बसतो. दिवसभर तापलेली फरशी खालून ऊब सोडत असते, टाक्यांच्या कडा लाल होतात, आणि दक्षिणेकडून हळूच एक झुळूक येते. वकीलसाहेब बोट वर करून मला गप्प करतात आणि तिचा वास घेतात. "अक्कलकोटावरनं आली. कुठं तरी शेंगा भाजायला लागलेत." मी भूगोलाचा माणूस. वाऱ्याचा वेग काय, दिशा काय, मला सगळं ठाऊक. पण त्यांच्याशेजारी बसलं की मलाही शेंगांचा वास येतो.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "सर, मी शिकायला जावं म्हणतो."

वय चाळिशीच्या बरंच पुढे. मला वाटलं, पोहायला शिकायचं म्हणत असतील. पण त्यांनी एका थंड देशातल्या विद्यापीठाचं नाव घेतलं. तिथे कायद्याच्या पदवीधरांना वर्षभराची फेलोशिप मिळते, ऊर्जा आणि हवामान यांच्या कायद्यात. शिक्षण, राहणं, सगळं त्यांच्याकडे. वीज कशी करावी, कुणी करावी, त्यासाठी जमीन कुणाची जावी, आणि हवा तापली तर जाब कुणाला विचारावा, याचा तिथे अभ्यास होतो.

सुनंदाला हे पटलं नाही. "उन्हाचा कायदा शिकायला सोलापूर सोडून थंडीत?"

"ऊन आपल्याकडं आहे, वहिनी. कायदा तिकडं आहे," ते म्हणाले.

मुलाखत संगणकावरून होती आणि आमच्या घरचं इंटरनेट बरं म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. वकीलसाहेब कोट घालून बसले, खाली घरातला पायजमा. सुनंदाने कुकर बंद ठेवला. पडद्यावर तीन प्राध्यापक आले, मध्ये एक पांढऱ्या केसांच्या बाई. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग त्या बाईंनी विचारलं, या वयात तुम्हाला हा विषय का शिकायचाय? वकीलसाहेब थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मी दाराआडून खुणा करत होतो की बोला, काही तरी बोला. आणि त्यांनी आपल्या सावकाश इंग्रजीत त्यांनाच विचारलं, "मॅडम, तुमच्या खोलीत दिवा लागलाय, त्याची वीज कुठली?"

पलीकडे तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, बहुतेक समुद्रावरच्या वाऱ्याची. दुसरा म्हणाला, नाही, गॅसची असेल. त्यांच्यातच वाद लागला. वकीलसाहेब हाताची घडी घालून ऐकत बसले.

मुलाखत संपल्यावर ते कोट काढत म्हणाले, "गेलं. मीच त्यांची उलटतपासणी घेतली." दोन घास खाऊन वर निघून गेले.

निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा ते गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मी वर जाऊन पाहिलं, तर टाकीच्या सावलीत उकिडवे बसले होते. "सर, सावली कशी सरकते बघा की. बघता बघता सरकते आणि बघितलं तर हलत नाही." आनंद झाल्यावर माणसं पेढे वाटतात. हे सावली बघत बसले.

जाताना त्यांनी कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी नेली. कपडे सुनंदाने भरून दिले, नाही तर त्या सामानात कपडे राहून गेले असते.

तिकडून फोन यायचे. अभ्यासाबद्दल मी विचारायचो, पण ते उन्हाबद्दल सांगायचे. "सर, इथं सूर्य येतो, हजेरीपटावर सही करतो आणि जातो. दिवसभर कामावर कोणच नाही." एकदा म्हणाले, "लोक उन्हात खुर्च्या टाकून बसतात आणि तोंड वर करतात. मला आपल्याकडच्या सूर्यफुलांची आठवण झाली." मग एका रविवारी भर दुपारी फोन आला. जरा अवघडून म्हणाले, गच्चीवर जाऊन फोनवर दाखवता का?

"काय दाखवू?"

"ऊन."

मी डोक्याला टॉवेल बांधून वर गेलो. सुनंदाने साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या. फोन हातात धरून मी गच्चीभर फिरवला. पांढरी फरशी, काळ्या टाक्या, चमकणाऱ्या पापड्या, आणि वर काही नाही, नुसता पांढरा उजेड. पलीकडे वकीलसाहेब टोपी, मफलर घालून बसले होते. माझे पाय भाजायला लागले तेव्हा मीच विचारलं, "पुरे का?" ते म्हणाले, "वहिनींना सांगा, कडेच्या पापड्या उलटायला झाल्यात."

तिथे प्रत्येकाला एका प्रश्नावर मोठा निबंध लिहायचा होता. बरोबरचे तरुण लोक कोळसा, करार, भरपाई असल्या वजनदार गोष्टींवर लिहीत होते. यांनी सावली निवडली. सौरऊर्जेसाठी माळच्या माळ भाड्याने जातात, करार होतो तो उन्हाचा. पण पॅनेलखाली सावली पडते, तिथे ओल टिकते, गवत येतं. त्या सावलीवर हक्क कुणाचा? पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, सावलीवर दावा करायला येणार कोण? वकीलसाहेब म्हणाले, "मेंढ्या." बाई आधी हसल्या, आणि मग म्हणाल्या, लिहा.

वर्ष संपलं. मोठ्या शहरातल्या एका मोठ्या कचेरीने त्यांना नोकरीला बोलावलं होतं. पण ते सोलापूरला परत आले, कोर्टासमोरच्या आपल्या जुन्या टेबलावर बसले, आणि पहिल्याच दिवशी चहावाल्याला विचारलं, "गॅस कुठला?" लोकांनी मान हलवली, एवढं शिकून माणूस होता तसाच आला.

पुढच्या उन्हाळ्यात सांगोल्याकडच्या एका गावातून सोनाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात काठी. त्यांच्या गावचं गायरान एका कंपनीला सौर प्रकल्पासाठी मिळालं होतं. कुंपण झालं, पॅनेल उभी राहिली, आणि मेंढ्या बाहेर. त्या वर्षी पाऊस नव्हता, माळावर दुसरीकडे काडी नव्हती.

"मेंढरं इकली तर आमी काय करायचं?" सोनाबाई म्हणाल्या. "दुसरं काय येतच न्हाय आमाला."

वकीलसाहेबांनी त्यांना पाणी दिलं. विचारलं, "आत गवत आहे?"

"हाय की. लई हाय. ते काचंचं पत्रं धुत्यात, पाणी खाली पडतंय. हिरवंगार झालंय. कुंपणाच्या भाईरनं मेंढरं नुसती बघत्यात."

वकीलसाहेबांना मी अनेक वर्षं ओळखतो, पण त्या दिवशीसारखे कधी पाहिले नव्हते. घरी आले ते जिन्यावरून बोलतच. "सर, माझ्या निबंधातली ती मेंढरं उभी आहेत. खरंच उभी आहेत."

पुढे बरेच खेटे झाले. ग्रामपंचायतीचा ठराव, अर्ज, हरकती. शेवटी तहसील कचेरीत बैठक ठरली. मला सुट्टी होती, मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. कंपनीचा साहेब म्हणाला, जनावरं आत सोडली तर तारा तुटतील. वकीलसाहेब पहिल्यांदाच लाव्हारसापासून सुरू न होता नीट मुद्द्यावर आले. आत वाढलेलं गवत पॅनेलवर चढतं, ते कापायला तुम्ही माणसं लावता. मेंढी ते खाते, वर बघत नाही. परदेशात कुठे कुठे असं केलंय तेही त्यांनी सांगितलं. साहेब जरा मऊ झाला. म्हणाला, "मेंढ्यांचं ठीक. पण शेळ्या पॅनेलवर चढतात."

इथे वकीलसाहेबांचा जुना स्वभाव जागा झाला. "मुळात," ते म्हणाले, आणि शेळी आणि मेंढी यांच्यात कायद्याने भेद करता येतो का, यावर त्यांनी जे सुरू केलं ते ऐकून तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. स्वारी रंगात आली असताना मागून सोनाबाईंचा आवाज आला.

"शेळीचं खरं हाय, साहेब. ती कुटंबी चढती."

आपल्याच अशिलाने पाय ओढल्यावर वकील काय करणार? त्यांनी वळून सोनाबाईंकडे पाहिलं आणि ते हसून खाली बसले. त्याच दिवशी ठरलं. मेंढ्या कुंपणाच्या आत, शेळ्या बाहेरच्या पट्ट्यात. सकाळी फाटक उघडायचं, दिवस मावळायला बंद करायचं. सोनाबाईंना कळप विकावा लागला नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर एका रविवारी वकीलसाहेब मला म्हणाले, चला की माळावर. माझ्या दुचाकीवरून गेलो. डाळिंबाच्या बागा मागे पडल्या आणि एकदम ते दिसलं. निळ्या काचांच्या लांबच लांब ओळी, त्यात आभाळ पडलेलं, आणि खाली, त्या आभाळाच्या खाली, मेंढ्या. तळ्याच्या बुडाशी चरत असाव्यात तशा. कुठे आवाज नाही. गवत ओरबाडल्याची तेवढी बारीक कुरकुर.

सोनाबाईंनी फडक्यातून भाकरी आणि ठेचा काढला. आम्ही दोघं एका ओळीखाली बसून जेवलो. मी काही तरी विचारत होतो, प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं काय म्हणून. उत्तर आलं नाही. बघतो तर वकीलसाहेब टॉवेल उशाला घेऊन आडवे झालेले, तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेले. एक कोकरू त्यांच्या पायाला टेकून बसलं होतं.

उन्हाची वेळ, परतीचा रस्ता लांब. मी त्यांना उठवायला हात पुढे केला.

"निजू द्या की त्यास्नी," सोनाबाई हळूच म्हणाल्या. "दर आयतवारी येत्यात. घरी डोळा लागत न्हाय म्हनत्यात. उटवायला कोन न्हाय, म्हून लागत न्हाय. हितं मी हाय. दिस कलला का हाक मारती."

मी हात मागे घेतला. त्यांच्या घराखालीच माझं घर. पहाटे वरून पावलं ऐकू यायची. मी म्हणायचो, काही तरी वाचत फिरत असतील.

सोनाबाईंनी काठी उचलली. कळप पुढच्या ओळींकडे सरकला होता. "आज तुमी हाय न्हवं," त्या म्हणाल्या, "मग तुमीच मारा हाक." आणि मेंढ्यांमागे निघून गेल्या. कोकरूही उठून पळालं.

मी तिथेच बसून राहिलो. ऊन कलंडत पॅनेलच्या खालून आत यायला लागलं, त्यांच्या गुडघ्यांवर आलं, छातीवर आलं. चेहऱ्याजवळ आलं तेव्हा मी वाकून खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "सिद्राम, ऊठ बाबा. दिवस कलला."

"बंदे, यव्वा," ते झोपेतच म्हणाले. कानडीत. आलो, आई.

मग डोळे उघडले. मला पाहिलं, जरा ओशाळले, आणि गवतात हाताने चाचपून चपला शोधायला लागले.