दोन माणसांची लिमिटेड कंपनी

लहानपणी त्याने वडिलांना पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. वडील लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असायचे आणि वंगणाच्या वासात भिजलेला त्यांचा आवाज काळोखातून हळूहळू वर यायचा : "बाळा, मोठेपणी स्वतःचा मालक हो रे! दुसऱ्याच्या शिट्टीवर उठणं-बसणं नको." एवढं बोलून होतं न होतं तोच कुणीतरी शिट्टी वाजवायचं आणि वडील वर यायचे.

पुढे हाही लिफ्टदुरुस्तीच्या त्याच कामाला लागला. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत; शेजारणीशी बोलताना बायकोसुद्धा.

एके सकाळी फर्मच्या साहेबांनी त्याला आत बोलावून बसायला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकला.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "उद्यापासून तुम्ही आमचे नोकर नाही. तुम्ही स्वतंत्र कंत्राटदार. एक लिमिटेड कंपनी काढा, आम्ही तिला काम देऊ."

"कुठलं काम, साहेब?"

"हेच."

"कुठल्या इमारतींत?"

"ह्याच."

"आणि वेळ?"

"तीच. फक्त आजारी पडलात, तर ते आजारपण आता सर्वस्वी तुमच्या मालकीचं."

वडिलांची इच्छा अशी अचानक पुरी झाली. लिफ्टवाला कंपन्या काढून देणाऱ्या एका सल्लागाराकडे गेला. सल्लागाराचं बोलणं गुळगुळीत होतं. कुठे अडकत नसे.

"कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यक्ती. तुम्ही वेगळे, ती वेगळी."

"ती राहणार कुठे?"

"तुमच्याच घरी. ते तिचं नोंदणीकृत कार्यालय. आणि तिला सांभाळायला किमान दोन संचालक लागतात. वहिनींना घेऊन टाका."

"तिला ह्यातलं काय कळतंय?"

"कळण्याचा प्रश्न येतोच कुठे? सही येते ना?"

सल्लागाराने जिथे बोट ठेवलं तिथे बायकोने सही केली, हात पुसला आणि ती भांड्यांकडे परत गेली.

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण लिफ्टवाल्याला एक खोड होती. वायरिंगचा नकाशा शेवटच्या रेघेपर्यंत वाचल्याशिवाय तो कुठल्याही यंत्राला हात लावत नसे. कंपनीची नियमावली त्याच्यासारख्याच कंत्राटदार झालेल्या बाकीच्यांनी खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचली होती. ह्याने ती वाचली. तिथून घराची घडी विस्कटली.

पहिल्या सभेची लेखी सूचना त्याने बायकोच्या ओल्या हातात ठेवली.

"अहो, हे काय? समोरच तर उभी आहे मी."

"तोंडी चालत नाही."

स्वयंपाकघरातलं टेबल पुसून दोघं समोरासमोर बसले. लिफ्टवाल्याने घसा खाकरला. "मी कंपनीचा नोकर. नोकराला अध्यक्ष होणं शोभत नाही, म्हणून अध्यक्षस्थान तुम्ही स्वीकारावं, असं मी सुचवतो. संचालक महोदयांचं ह्यावर मत काय आहे?"

बायकोने मागे वळून पाहिलं. मागे फक्त नळ होता.

"मला विचारताय?"

"नियमच आहे. मत विचारल्याशिवाय ठराव होत नाही."

"असं एकदम मत कुठून आणू? जरा वेळ द्या."

सभा तहकूब झाली.

मग तोच नळ गळायला लागला. पाने, पक्कड, सगळी हत्यारं आता कंपनीच्या नावावर होती. घरच्या नळाला ती लावणं म्हणजे कंपनीच्या मालमत्तेचा खाजगी वापर. नळ रात्रंदिवस टपटपत राहिला. शेवटी अध्यक्ष झालेल्या बायकोनेच तोड काढली : स्वयंपाकघर कंपनीचं कार्यालय, तेव्हा गळतीही कंपनीचीच. लिफ्टवाला थक्क झाला. नियमावलीत एवढी बारीक वाट त्याला दिसली नव्हती.

पुढे त्याला आलेल्या तापाला मात्र वाट सापडली नाही. नोकराने कंपनीकडे सुट्टीचा अर्ज केला. नोकर तोच, संचालकही तोच. अर्जावर निर्णय संचालकांनी घ्यायचा. पण अर्जदाराला स्वतःच्या अर्जाच्या वेळी सभेत बसता येत नाही, आणि तो उठून गेला की कोरम मोडतो. कपाळाला ओलं फडकं बांधून तो दाराबाहेर उभा राहिला. आत बायको एकटीच बसली.

"अहो, या आत आणि झोपा मुकाट्याने!"

"येता येत नाही. कोरम आहे का?"

"तुम्ही बाहेर गेल्यावर कसा असेल?"

"मग अर्ज फेटाळला," तो म्हणाला आणि फणफणत्या अंगाने कामावर गेला. इतका कडक मालक त्याला आजवर भेटला नव्हता.

सभा मात्र वाढत गेल्या. कामकाजाच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असत. बायको आधी गप्प बसे. मग एकदा तिने पलंग खिडकीखाली सरकवायचा विषय मांडला. मग न सांगता जेवायला आणल्या जाणाऱ्या त्याच्या मित्रांचा. एकदा चित्रकलेच्या वर्गाबद्दल ती भिंतीकडे बघत बोलत राहिली, इतकं की चहावर साय धरली. लिफ्टवाल्याने मान खाली घालून सगळं इतिवृत्तात उतरवलं आणि खाली 'एकमताने मंजूर' लिहिलं. सभेला येताना बायको हल्ली केस विंचरून येते, हे काही इतिवृत्तात आलं नाही.

आणि एके दुपारी खुद्द साहेब दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले.

"लवकर उघड रे बाबा! गुदमरतोय मी!"

लिफ्टवाला हातात पाना घेऊन दाराशीच उभा होता. "साहेब, हे तुम्ही मला सांगताय की कंपनीला?"

"काय फरक पडतो?"

"कायद्याने पडतो, साहेब. मी तिचा नोकर. हुकूम तिने द्यायचा. तातडीची सभा बोलावतो."

बायको भाजीची पिशवी घेऊन तशीच आली आणि जिन्याच्या पायरीवर अध्यक्षस्थानी बसली.

"साहेबांना बाहेर काढावं, असा प्रस्ताव आहे. आपलं मत?"

बायको विचारात पडली. मत मागितलं की ती आता घाई करत नसे. "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे हो, वहिनी!" आतून आवाज आला.

"स्वतःच्या विषयावर स्वतः बोलू नये," अध्यक्ष म्हणाल्या. "ह्यांना तापातही बोलू दिलं नव्हतं."

चर्चा सविस्तर झाली. बाहेर आल्यावर साहेब घाम न पुसताच आपल्या टेबलाशी गेले आणि त्यांनी सगळी योजना रद्द केली. सोमवारपर्यंत जो आपली कंपनी बंद करील, त्याला पक्की नोकरी परत. आजारपणाच्या रजेसकट.

लिफ्टवाला धावतच घरी आला. गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसाला रजा म्हणजे काय, ते त्याला त्या तापाने शिकवलं होतं. सल्लागार कंपनी बंद करायचा ठराव घेऊन बसलाच होता. दोन्ही संचालकांच्या सह्या हव्या होत्या. त्याने स्वतःची झोकात ठोकली.

बायकोने पेन उचललं आणि खाली ठेवलं. "माझा विरोध आहे."

"अगं, सोमवार गेला की नोकरी गेली! तापातही खड्ड्यात उतरून मरू का मी?"

"वहिनी," सल्लागार म्हणाला, "ही नुसती औपचारिकता असते हो."

"तुम्ही संचालक नाही. मध्ये बोलू नका."

"पण झालंय काय, ते तरी सांग," लिफ्टवाला काकुळतीला आला.

"असं नाही. नीट विचारा."

तो सरळ बसला. सवयीने घसा खाकरला. "संचालक महोदयांचं मत काय आहे?"

बायकोने ठरावाचा कागद बाजूला सरकवला. मग बोलली.

"कंपनी खुशाल बंद करा. मला तिचं काय करायचंय? तुम्हाला ताप आला तर झोपायला मिळू दे. पण सभा बंद झाली की मी परत त्या नळाशी पाठमोरी उभी राहणार, आणि तुम्ही मागून सांगणार, काय ठरलंय ते. तुम्ही वाईट नाही हो. कधी टाकून बोलला नाहीत. फक्त इतक्या वर्षांत कधी काही विचारलं नाहीत. कायद्याने विचारायला लावलं, तेव्हा मला कळलं की मलाही मत आहे. आधी सभा चालू ठेवायचा ठराव लिहा, मग सही करते."

"अगं, आपण नवरा-बायको. आपल्यात ठराव कसले?"

"सगळ्याच घरांत असं असतं, वहिनी," सल्लागार पुटपुटला आणि बॅग आवरू लागला.

"असणारच," ती म्हणाली. "भाऊजी, तुमच्याही घरी आत्ता कुणीतरी पाठमोरी उभी असेल. तिचं मत केव्हाचं तयार आहे. जा, आणि एकदा विचारून बघा. पण ऐकून घ्यायचं धैर्य असेल तरच."