बँकेला कळवलंत का?

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कुणाकडे माणूस गेलं की भेटायला पहिले हजर गायकवाडसाहेब. दाराशी चपला काढतात, घरच्यांसमोर बसतात आणि ‘फार वाईट झालं’ वगैरे काही न बोलता खालच्या आवाजात विचारतात, “पेन्शन होती ना? मग बँकेला कळवलंत का?”

माझे सासरे गेले तेव्हा मला असा संताप आला होता म्हणून सांगू. घरात माणसं रडतायत आणि हे गृहस्थ शिक्षा समजावून सांगतायत. “गेलेल्या माणसाची पेन्शन घेत राहणं म्हणजे शासनाची फसवणूक. सात वर्षांपर्यंत कैद, वर दंड. येरवडा इथून काही लांब नाही.”

सरकारी कोषागाराच्या पेन्शन शाखेत त्यांची सगळी नोकरी गेली. एका पठ्ठ्याने वारलेल्या आईच्या जागी मावशीला उभं केलं होतं म्हणे. साहेबांनी सहज विचारलं, “आजी, मुलाचं नाव काय?” आजी म्हणाल्या, “कुणाच्या? माझ्या की ताईच्या?”

नवा कायदा आला तेव्हा ते आठवडाभर घुश्शात होते. “अहो, चारशेवीस म्हटलं की माणसाला घाम फुटायचा. आता कलम तीनशे अठरा. बसचा नंबर वाटतो.”

यंदा मे महिन्यात त्यांच्या पत्नी, सुमनताई गेल्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनाही पेन्शन होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे होतो. तो प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. विचारणारे भिंतीला टेकून गप्प बसले होते.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तेव्हा साहेब माझ्या दारात आले. “जरा बँकेत चला. साक्षीदार लागेल.” कशाला, ते सांगेनात.

काउंटरवरच्या मुलीने त्यांची सही घेतली. “काका, तुमचं डन. मॅडम नाही आल्या? चालवत नसेल तर आम्ही घरी येतो, नो प्रॉब्लेम.”

साहेबांनी काउंटरची कड धरली. “ती मे महिन्यात गेली. मी कळवलं नाही. कलम तीनशे अठरा, पोटकलम चार. लिहून घ्या. या बाई साक्षीला आहेत.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मग तिने स्क्रीन पाहिला. “पैसे तर तसेच आहेत, काका. काहीच काढलेलं नाही.”

“काढायला ते माझे आहेत का?” साहेब उलट तिच्यावरच खेकसले.

“मग कळवलं का नाही?”

“पैसे जमा झाले की तिचा मोबाइल वाजतो. आता तिला दुसरं कोण मेसेज करतंय? मी आपला म्हणतो, आला बघ तुझा पगार.”

मुलगी हळूच म्हणाली, “मृत्यूचा दाखला आणा. पैसे परत जातील. तुम्हाला कुणी काही करणार नाही.”

“आणि मेसेज?”

“ते बंद होतील, काका.”

दुपारी त्यांनी दाखला नेऊन दिला.

पुढच्या महिन्यात पेन्शनचे दिवस आले आणि मला राहवेना. सुमनताई आणि मी भाजीला नेहमी बरोबर जायचो. त्यांच्या नंबरवर मेसेज टाकला, ‘भाजीला निघालेय. येताय?’ पाठवला आणि हे काय करून बसले म्हणून माझं मलाच ओशाळं वाटलं.

जरा वेळाने त्याच नंबरवरून उत्तर आलं.

‘ती नाही. मी आलो तर चालेल का?’