आण्णांचं नेट रविवारीच का जातं

रहाटणीत खोली बघायला जाताना मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. लग्न झालंय का, कंपनी कुठली, मटण शिजवता का. घरमालक आण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बोट करून म्हणाले, "लॅपटॉपात काय घातलंय?"

"विंडोज," मी म्हणालो. आणि वर भाव खायला, "तेही फुकटात. मित्रानं क्रॅक करून दिलंय."

मी बॅगेत कुणाचं मुंडकं आणलं असावं, तसे आण्णा खुर्चीतून उठले. "चोरीचा माल? माझ्या घरात?"

तरी खोली मिळाली. राहायला आलो त्या दिवशी बॅग आण्णांपाशी ठेवली, टेंपोतून गादी, गॅसची टाकी आणि कुकर उतरवून मी वर येतो, तर लॅपटॉपावर विंडोजचा मागमूस नाही. पडद्यावर एक पेंग्विन बसलेला. मी गादीवर मटकन बसलो.

"भिऊ नगा," आण्णा म्हणाले. "फोटू, गानी समदं बाजूला काढलंय. ह्ये लिनक्स, पेंग्विन त्येची खूण. ह्ये बी फुकाट, पन चोरीचं न्हाई. कुनीबी उघडून बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं."

पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, वय साठीच्या पुढे. आमची चार मजली बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी आण्णांच्या घरची ज्वारी होती. आकुर्डीच्या कॉलेजात शिकणारा कुणी भाडेकरू जाताना जुना कॉम्प्युटर टाकून गेला. आण्णांनी आधी त्यावर शेंगा वाळत घातल्या, मग तो उघडून बघितला, आणि तिथून हे वेड लागलं. गच्चीवरच्या टाकीवर त्यांनी भला मोठा पेंग्विन रंगवून घेतलाय. अख्खी रहाटणी आम्हाला 'बदकवाली बिल्डिंग' म्हणते. आण्णा रिक्षावाल्याला थांबवून सांगतात, "बदक न्हाई त्ये!"

'उघडून दाव' हा त्यांचा मंत्र. मिक्सर घ्यायला गेले, तर दुकानदाराच्या काउंटरवरच त्याचे स्क्रू काढले. मिसळ खायला नेलं, तर सरळ भटारखान्यात. "कालवनात काय घातलंय त्ये इचारायचं न्हाई आन मुकाट गिळायचं? आमी न्हाई गिळत." मी तोंड लपवून पाव खात होतो.

एकदा हुशारी दाखवायला मी कुठूनशी एक कमांड उचलून लॅपटॉपात टाकली. पडदा काळा पडला तो पडलाच. आण्णांनी एवढंच विचारलं, "टाकायच्या आधी वाचली व्हती का?" मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. लोकांनी न वाचता सही केली की मी त्यांना झापतो.

बिल्डिंगचं नेटसुद्धा त्या जुन्या कॉम्प्युटरमधूनच येतं. तो चौथ्या मजल्यावर, आण्णांच्या स्वयंपाकघरात. आणि दर रविवारी, बरोबर जेवणाच्या वेळेला, नेट जातं. मग आम्ही सगळे भाडेकरू वर. आण्णा म्हणणार, "मोठा घोळ हाय. बसा, बघतो." बसलं की ताट पुढ्यात येणार, आणि जेवण झालं की नेट.

मागच्या रविवारी नेट गेलं ते मॅचच्या शेवटच्या ओव्हरमध्ये. तिसऱ्या मजल्यावरचा शिंदे भडकला. "बास राव! आपण कंपनीची लाइन घेऊ. आण्णांचा तो कॉम्प्युटरचा डबा बंद." सगळे हो म्हणाले. सांगायला कोण जाणार? मी फुशारकी मारली, "मी सांगतो, त्यात काय!" माझं तोंड मला नेहमीच असं गोत्यात आणतं.

या रविवारी मुद्दाम लवकर वर गेलो, नेट चालू असतानाच. दार उघडं होतं. मी आत डोकावलो.

जमिनीवर ताटं मांडलेली होती. ओळीनं, सगळ्या भाडेकरूंची. स्टोव्हवर एवढं मोठं पातेलं, की मी त्यात बसून आंघोळ केली असती. आण्णा पाठमोरे होते. त्यांनी हात पुसले, घड्याळाकडे बघितलं, कीबोर्डवर एका बोटानं काहीतरी टाइप केलं.

खालून आरडाओरडा उठला, "गेलं! नेट गेलं!"

"आण्णा!" मी ओरडलोच. "तुम्ही? तुम्ही बंद करता?"

आण्णा वळले. चोरी पकडल्याचा भाव चेहऱ्यावर नव्हताच. "मंग? लपवून कुटं करतोय? दार उघडंच असतंय की."

"पण का?"

त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "ह्ये भांडं आईचं. पाच भावांची पंगत बसायची ह्येच्याभवती. जमीन गेली, पैसा आला, ज्यानं त्यानं आपापला फ्लॅट धरला. ह्ये न्यायला कुनाच्या किचनात जागा न्हाई." त्यांनी पळी फिरवली. "तुमाला जेवाया या म्हनलं, तर शिफ्ट सांगता, उपास सांगता. नेट गेलं, की जिना चढून येता."

जिन्यात पावलं वाजायला लागली. आण्णा माझ्याकडे बघत होते. "तुमी काय सांगाया आल्ता?"

तेवढ्यात शिंदे सगळ्यांना घेऊन दारात. "काय रे, सांगितलंस का?"

मी जाऊन कॉम्प्युटरसमोर उभा राहिलो. पडद्यावरचं एकही अक्षर मला कळत नव्हतं. कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली.

"मोठा घोळ आहे, शिंदे. वेळ लागेल. बस, आधी जेवून घे."

आणि आण्णांच्या हातातली पळी घेऊन मी वाढायला लागलो.