घोषणावाले गायकवाड

गायकवाड काकांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत. तरीही ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या कितीतरी इमारतींत ते चाकांच्या खुर्चीत बसून शिरलेत, आणि ती खुर्ची बहुतेक वेळा मी ढकललेली आहे.

डोंबिवलीत आमची एक लहानशी संस्था आहे. ज्या वस्त्यांकडे सहसा कोणी फिरकत नाही, तिथे आम्ही छोटे निधी देतो. कुठे समाजमंदिराला उतार, कुठे शौचालयात धरायला दांडी, असं. मी चिटणीस, काका पाहणी करणारे. बाकीचे टेप लावून मोजतात, काका खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "ढकला, ताई." कल्याणच्या एका सभागृहाचा नवाकोरा उतार इतका उभा निघाला की अर्ध्यावर माझे हात सुटले. काका उलटे घरंगळत केळेवाल्याच्या गाडीला जाऊन टेकले. तिथूनच त्यांनी जाहीर केलं, "घाटात ब्रेक निकामी. सदर उतार रद्द करण्यात येत आहे."

काका बोलतात ते असं. खोपटच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभा जन्म माइकवर गाड्यांच्या घोषणा केल्या. निवृत्तीनंतर माइक सुटला, आवाज काही सुटला नाही. हॉटेलात चहा यायला वेळ लागला की, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, चहा विलंबाने धावत आहे." बैठकीत कोणी भलताच विषय काढला की, "ही गाडी आडमार्गाने चालली आहे." एकदा मी म्हटलं, "काका, जरा हळू बोला ना."

"हळूच तर बोलतोय!" ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातला शिंपी वळून बघायला लागला.

ठाण्याच्या खाडीकडेच्या एका कोळीवाड्यातून आमच्याकडे मागणी आली ती हिराबाईंची. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला होता. जन्म मासळी विकण्यात गेलेला, आणि बाजाराचा ओटा पायऱ्या चढून वर. त्यामुळे बाई घरात बसलेल्या. उतार बांधायचा तर ओट्याच्या तोंडाशीच बांधावा लागणार होता, आणि तिथे बसायच्या मथुराबाई. बाजारात त्यांचा शब्द शेवटचा.

"माझी जागा मी सोराची नाय," मथुराबाई म्हणाल्या. "हिराला दोन पोरं उचलून आनतील. हाय काय त्यात?"

हिराबाई हाताने चाकं फिरवत खाली येऊन थांबल्या होत्या. त्या उसळल्या, "मना उचलून न्यायला मी काय म्हावऱ्याची पाटी हाय का गो?"

मग जी जुंपली, त्यात आमचा निधी, संस्था आणि मी, सगळेच वाहून गेलो. मी हळूच काकांना म्हटलं, "चला, दुसरीकडे देऊ निधी. नाहीतरी मागणाऱ्या वस्त्या खूप आहेत."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चालत्या गाडीतून प्रवासी ढकलायला सांगितला होता. ते खुर्चीतून उठले. "मथुराबाई," त्यांचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल, "उचलून नेण्यात काही नाही म्हणता ना? मग बसा. गाडी फलाटाला लागली आहे."

सगळा बाजार बघतोय म्हटल्यावर मथुराबाई माघार कसल्या घेतात! पदर खोचून ऐटीत बसल्या. दोन तगड्या पोरांनी खुर्ची उचलली. दुसऱ्या पायरीवर एकाचा हात निसटला, खुर्ची कलली, आणि मथुराबाईंनी जी किंकाळी फोडली तिच्यापुढे काकाही फिके पडले. एका हातात पोराचे केस, दुसऱ्यात बर्फाच्या पेटीची कडी. "ठेव! मेल्या, खाली ठेव मना!"

खाली उतरल्या. बराच वेळ घाम पुसत राहिल्या. कोणी हसलं नाही, हिराबाईसुद्धा. मग मथुराबाईंनी आपली पाटी स्वतःच उचलली, आतल्या बाजूला नेऊन ठेवली आणि शेजारणीवर खेकसल्या, "सरक जराशी!"

उतार झाला. पहिल्या दिवशी हिराबाई कोणाचा हात न लागता वर गेल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकाशी भावावरून भांडल्या. लोकांनी काकांसाठी शाल आणली होती, पण सत्काराचा वास येताच काका पसार. हिराबाईंनी काकांच्या वाटणीची पापलेटं माझ्या हातात दिली. "घरी न्हेऊन दे. वहिनीला सांग, हिरानं दिलंय."

म्हणून मी प्रथमच टिटवाळ्याला काकांच्या घरी गेले. बेल दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली, तेव्हा दारावरच्या झरोक्यातून दिसलं, बेलसरशी आत दिवा लुकलुकत होता. दार एका हसऱ्या बाईंनी उघडलं. मी बोलायला लागले तशी त्यांची नजर माझ्या ओठांवर स्थिरावली.

"ही शालू," मागून काका आले. "जन्मापासून ऐकू येत नाही हिला." त्यांचा आवाज इतका साधा मी कधी ऐकला नव्हता.

मी पापलेटं पुढे केली. काकांनी हातांनी सगळा बाजार उभा केला. मथुराबाईंची ऐट, कललेली खुर्ची, पोराचे केस. शालूताई पोट धरून हसल्या. मग माझ्याकडे बोट करून त्यांनी काकांना काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली, नको नको केलं. शालूताईंनी पुन्हा विचारलं.

"काय म्हणताहेत?" मी विचारलं.

काका ओशाळले. "काही नाही हो. घरी नवं माणूस आलं की हिचं हेच असतं. माझा आवाज कसा आहे, विचारते."

मी शालूताईंकडे वळले आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाले, "छान आहे. भरदार. ऐकलं की माणसाला धीर येतो."

त्यांनी मान डोलावली, जणू मनातला अंदाज बरोबर निघाला होता. मग काकांकडे बघत राहिल्या. काका मासळीची पिशवी घेऊन आत गेले, आणि बराच वेळ नुसता नळ चालू राहिला.