सरपंचांना इंग्रजी येत नाही

सुधीरदादा घोरपडे आपल्या कुत्र्याशी शुद्ध मराठीत बोलतात आणि त्याला अहोजाहो करतात. "सरपंच, बसा." "सरपंच, उठा आता." "सरपंच, ते शेण आहे, सोडा."

कुत्र्याचं नाव सरपंच. आयर्लंडमधल्या टॅला या उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ते 'सर पंच' असं ऐकू येतं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना तर तो इंग्लंडच्या राणीकडून 'सर' ही पदवी मिळालेला कुत्रा वाटतो आणि आयरिश असल्यामुळे त्यांना ते फारसं आवडलेलं नाही. कुणी लाडानं "सिट, सर पंच" म्हटलं, की सुधीरदादा मध्ये हात घालून नम्रपणे सांगतात, "सॉरी, ही हॅज नो इंग्लिश."

मी त्यांच्या शेजारच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहते. मूळची नाशिकची. इथे शिकायला आले, नोकरी लागली, राहिले. लॉकडाऊनमध्ये मला रोज प्रत्यक्ष ऐकू येणारं मराठी म्हणजे भिंतीपलीकडून सुधीरदादांनी सरपंचांना केलेला उपदेश, एवढंच होतं. तेव्हा मीही सरपंचांना अहोजाहो करायला लागले, ते आजतागायत.

सरपंच घरी आले २०२०च्या उन्हाळ्यात, निराधार कुत्र्यांच्या एका आश्रमातून. लांब पाय, निमुळतं तोंड, अंगावर करड्या रंगाचे राठ केस. शिकारी कुत्र्याचा अंश स्पष्ट होता, उरलेला अंश कुणाचा ते आश्रमालाही सांगता आलं नाही. तिथल्या बाईंनी सांगितलं, याचं नाव केव्हिन, वय दोन, ऑफलीतल्या एका शेतावर वाढलाय. सुधीरदादांनी ऐकून घेतलं, सह्या केल्या आणि गाडीत बसल्याबरोबर मागे वळून म्हणाले, "आजपासून तुम्ही सरपंच."

सुधीरदादांचा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. सरपंचांचं मराठीही त्यांनी तसंच तपासून घेतलं. स्वयंपाकघरातून 'बसा' म्हटलं तर बसतात का? बागेतून? पावसात? मास्क लावून? पाठ करून उभं राहून म्हटलं तर? सगळीकडे सरपंच बसले. मग सुधीरदादांनी समाधानानं त्यांचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "चालायचं नाही हे. पण चालू दे."

हे वाक्य ते सगळ्याला म्हणतात. सरकारनं नवे निर्बंध आणले, "चालायचं नाही हे, पण चालू दे." वहिनींनी पोह्यांत बटाट्याऐवजी मटार घातले, तरी तेच.

घरात मनीषावहिनी आणि तेरा वर्षांची रेवा. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही अस्सल टॅलाच्या वळणाचं. दर रविवारी सुधीरदादांच्या आईंचा इस्लामपूरहून फोन. रेवा पडद्यासमोर येऊन "हाय आजी, आयॅम ग्रँड" (इथल्या बोलीत 'मी मजेत') म्हणून पसार व्हायची. आजी मुलाला विचारायच्या, "ग्रँड म्हंजे बरं का वाईट?"

२०२१च्या जुलैमध्ये सुधीरदादांनी जाहीर केलं, की आयर्लंडमधली सगळी राष्ट्रीय उद्यानं एका आठवड्यात गाडीनं बघायची. भारतात जाणं शक्यच नव्हतं. तिकडची दुसरी लाट नुकती ओसरत होती, विमानांची खात्री नव्हती. इथे मात्र जिल्ह्याबाहेर पडायला परवानगी मिळाली होती, लसी झाल्या होत्या. कुंपणावरून मला म्हणाले, "तूही चल. वर्षभर एकटी त्या खोलीत बसलीयेस. चालायचं नाही हे." पुढचं अर्धं वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, म्हणून मी बॅग भरली.

गाडीत पुढच्या सीटवर सरपंच. मागे बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून त्यांच्यासाठी खास पट्टा आणलेला. मागे आम्ही तिघी, मांडीवर जेवणाचे डबे. "लग्न झालं तेव्हा ती सीट माझी होती," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं.

विकलोच्या डोंगरात पाऊस. किलार्नीत पाऊस आणि हरणं. प्रत्येक ठिकाणी माहितीचा फलक असतो आणि प्रत्येक फलकासमोर उभं राहून सुधीरदादा तो सरपंचांना मराठीत अनुवाद करून वाचून दाखवत. "सरपंच, इकडे बघा. ही घोंगडी दलदल. म्हणजे डोंगरावर घोंगडं पसरल्यासारखी. हजारो वर्षं जुनी आहे. पाय घालू नका." सरपंच पाय घालत. मागे छत्र्या घेतलेल्या आयरिश कुटुंबांची रांग लागे. त्या वर्षी परदेशी पर्यटक नव्हतेच, त्यामुळे सगळा देश आपलाच देश बघायला निघालेला. एकदा रांगेतल्या एका गृहस्थानं मला हळूच विचारलं, "युअर मॅन प्रीस्ट आहे का?" इथे कुठल्याही तिऱ्हाईताला 'युअर मॅन' म्हणतात. मी म्हटलं, नाही, टेस्टर आहे. त्याचं समाधान झालेलं दिसलं.

बरेन म्हणजे मैलोन् मैल नुसता उघडा चुनखडक. तिथे सरपंच फार गोंधळले. सुधीरदादांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "इथे झाड मिळायचं नाही. खडकावर उरका." रेवानं जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढून घेतली.

मग कॉनेमारा.

कॉनेमाराच्या डोंगरावर मेंढ्या मोकळ्या फिरतात. उद्यानाच्या शेजारच्या वाटेवर एका फाटकावर पाटी होती. मेंढ्यांच्या मागे लागलेला कुत्रा गोळी घालून मारण्यात येईल. सुधीरदादांनी तीही सरपंचांना वाचून दाखवली, दोनदा. साखळी मनगटाला गुंडाळून घेतली. नियमांच्या बाबतीत माणूस काटेकोर.

पण शिकारी कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. उतारावर एक मेंढी अचानक उठून पळाली, सरपंचांनी मागे झटका दिला आणि सुधीरदादांच्या हातात साखळी आणि रिकामा पट्टा राहिला.

सरपंच असे धावू शकतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. अख्खा कळप उधळला. खाली फाटकापाशी एक शेतकरी चारचाकी मोटरसायकलवरून उतरला आणि त्यानं मागून काहीतरी लांबट काढलं. ती काठी होती की बंदूक, हे एवढ्या अंतरावरून कळत नव्हतं.

"सरपंच!" सुधीरदादा ओरडले. "सरपंच, थांबा! सरपंच, इकडे या!"

वारा समोरून होता. सरपंच थांबले नाहीत. सुधीरदादा धावत सुटले, दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतले आणि रुतल्या जागेवरून ओरडत राहिले, "थांबा हो! अहो, थांबा!" त्यांचा आवाज फाटला.

माझ्या शेजारून रेवा पुढे झाली. दोन्ही हातांचा भोंगा करून तिनं आरोळी ठोकली, "केव्हिन! कमॉन, केव्हिन! गुड लॅड!"

सरपंच जागच्या जागी थांबले. कान उभे केले, वळले आणि जीभ लोंबवत थेट तिच्याकडे आले, शेपटी हलवत, काही झालंच नसल्यासारखे.

शेतकरी वर येईपर्यंत आम्ही तिघींनी सरपंचांना घट्ट धरून ठेवलं. त्याच्या हातात काठीच होती. त्यानं मेंढ्या बघितल्या, कुठलीही जखमी नव्हती. मग त्यानं आम्हाला भरपूर ऐकवलं आणि ते सगळं रास्तच होतं. शेवटी सरपंचांकडे बघून म्हणाला, "केव्हिन का? बरं नाव आहे." आणि आपल्या कुत्र्याला आयरिश भाषेत हाक मारून निघून गेला. सुधीरदादा चिखलातून त्याच्याकडे बघत राहिले. इतका हेवा मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

उतरताना रेवा माझ्याजवळ येऊन कुजबुजली. सगळं इंग्रजीत, मी मराठीत सांगते. सरपंचांना पहिल्यापासून इंग्रजी येत होतं. बाबा वरच्या मजल्यावर कामाला बसले, की ती आणि आई त्यांना केव्हिनच म्हणायच्या. बाबांच्या पावलांचा जिन्यावर आवाज आला, की लगेच "सरपंच, बसा."

"आईसुद्धा?" मी विचारलं.

"आईनेच सांगितलं होतं, बाबाला कळू द्यायचं नाही. ही'ड बी हार्टब्रोकन."

मला वाटलं, आता सुधीरदादा रागावतील, निदान एक व्याख्यान तरी होईल. पण त्यांनी फक्त गाडी मेयोच्या रस्त्याला लावली. चिखलानं भरलेली पॅन्ट, स्टिअरिंगवर दोन्ही हात. मग आरशातून रेवाकडे बघत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे मराठी विसरेल का तो?"

सरपंचांचा एरवी कधी न येणारा एकेरी उल्लेख. वहिनींनी मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "नाही हो विसरत. दोन्ही राहतं."

"चालू दे," सुधीरदादा म्हणाले.

मला ते जरा जास्तच वाटलं, हे कबूल करते. कुत्रा वाचला होता, मेंढ्या वाचल्या होत्या आणि या माणसाला भाषेची पडली होती.

रात्री आम्ही मेयोच्या उद्यानाजवळ एका लहानशा घरात उतरलो. सकाळी मला लवकर जाग आली. चहा करायला कपाट उघडलं, त्यात एकच कप होता, बाकीचे शोधत मागच्या दारापाशी आले. पाऊस थांबला होता. बाहेर लाकडी बाकावर सरपंच ताठ बसले होते. त्यांच्यासमोर एका खुर्चीवर, दुधाच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. त्यातून इस्लामपूरच्या आजी बोलत होत्या.

"सरपंच, बसला न्हवं नीट? बसा."

सरपंच बसलेलेच होते. ते आणखी जरा बसले.

"हां. श्यान्या माज्या." आजी खुदकन हसल्या. मग आवाज खाली आला. "सुधीरला सांगू नगा हं. त्यो उगं काळजी करत बसतोय तिकडं. गुडघा लई दुखतोय बगा. जिना काय चढवंना, मी खालीच निजती आता. आन् शेजारची ताराक्का गेली न्हवं का त्या रोगात, तवापास्नं घर खायाला उठतंय. दुपारी कुनाशी बोलू? सुधीरला काय सांगायचं, येतो म्हनंल आन् विमान न्हाई म्हनून रडंल. लहानपनापास्नं तसाच हाय त्यो. तुमाला सांगितलं की बरं वाटतंय. तुमाला माजं कळतंय तरी."

सुधीरदादा फोनच्या मागे होते. फोन लावून देऊन ते आत गेले, असं आजींना वाटावं म्हणून ओल्या गवतावर उकिडवे बसलेले. एक हात उंच धरला होता आणि त्या हातात, फोनच्या बरोब्बर वर, एक बिस्किट होतं. म्हणून सरपंच इतक्या एकाग्रतेनं आजींकडे बघत होते. सुधीरदादांचं तोंड माझ्या बाजूला होतं. डोळे पुसायला त्यांचा दुसरा हात मोकळा होता, पण त्यांनी तो वापरला नाही.

त्यांनी मला पाहिलं. मी दारातून मागे सरकणार, तेवढ्यात त्यांनी मान हलवून थांब म्हणून खुणावलं. बहुधा पाऊल वाजू नये म्हणून. मी रिकामा कप हातात धरून तशीच उभी राहिले.

गुडघ्याला कोणतं तेल लावते, ते आजींनी सरपंचांना सांगितलं. कुणाच्या घरी पोरगी झाली ते सांगितलं. सुधीरदादांनी बिस्किट खाली येऊ दिलं नाही.

"लई बोलती न्हवं मी?" आजींनी विचारलं. "माजा कंटाळा तर आला न्हाई ना तुमाला?"

सुधीरदादांनी बिस्किट सावकाश डावीकडे नेलं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. सरपंचांची मान त्याच्याबरोबर इकडून तिकडे हलली.

"न्हाई म्हनत्यात," फोनमधून आजी स्वतःशीच, खुशीत म्हणाल्या.