झेंडूला गोधडी

विज्ञान शिकवावं तर सावळीराम नानांनीच! निदान नानांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. मास्तरकी संपली तरी मळ्यातल्या घराच्या ओट्यावर पोरांची शाळा भरायचीच. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी धडा होता श्वसनाचा.

"प्रत्येक पेशी म्हणजे एक चूल," नाना सांगत होते. "अन्नातली साखर हे तिचं सरपण. ऑक्सिजन मिळाला की साखरेतली ऊर्जा सुटते. काही कामी येते, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून तर अंग कोमट!"

"मग धूर कुठाय?" नात निकिताने विचारलं.

"नाकातून सोडतेस की! कार्बन डायऑक्साइड. फक्त इथे जाळ नसतो. सगळं सावकाश."

मागच्या शेडमध्ये सूनबाई रूपाली झेंडू पसरत होती. यंदा टोमॅटोऐवजी झेंडू लावायचा हट्ट तिचा. नवरा संतोष नको नको म्हणत असताना तिने लावला होता. सकाळी पंचवटीच्या बाजारात फुलं खपली, तरच तिचा शब्द खरा ठरणार होता.

"नाना, फुलांकडे जरा बघा हं," म्हणून ती स्वयंपाकाला गेली.

नानांनी बघितलं. फारच मनापासून बघितलं! फुलं सुकू नयेत म्हणून पाणी शिंपडलं. दवाने गारठू नयेत म्हणून सगळी ओढून ढीग केला, वर ताडपत्री टाकली, कडेने विटा लावल्या. तरी राहवेना. बारा महिने डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपणारा माणूस तो! त्यांनी आपली गोधडीही झेंडूवर घातली.

उजाडताना रूपालीने ताडपत्री उचलली, आणि भपकन वाफ वर आली.

"आग! आग!" शेजारचा गोरक्ष पाइप घेऊन धावला.

"मार पाणी!" नाना ओरडले.

ढीग न्हाला, गोधडी न्हाली, संतोष तर उगाचच न्हाला. आग मात्र कुठेच नव्हती. रूपालीने ढिगात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मुठीत काळपट, लिबलिबीत झेंडू.

"आतून भाजतंय, नाना."

संतोषने तोंड उघडलं.

"तुम्ही आत्ता काही बोलू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नाना," निकिताने हळूच विचारलं, "फुलांनापण पेशी असतात?"

"असतात की."

"तोडल्यावरपण चुली चालू?"

"चालूच. जिवंत असेतोवर..." नाना थांबले. आणि खाली, विटांवर बसले. जन्मभर शिकवलेला धडा त्यांनी रात्रभर गोधडीखाली कोंडून ठेवला होता.

मग सगळे कामाला लागले. बाजेवर, ओट्यावर, गोरक्षच्या गच्चीवर फुलं पसरली. नानांनी एकेक फूल निवडलं, एक शब्द न बोलता. घरात हे पहिल्यांदाच घडत होतं!

निम्मी फुलं वाचली. दुपारी रूपाली रिकामे क्रेट घेऊन परतली.

"पुढच्या वर्षी टोमॅटो?" संतोषने चिडवलं.

"झेंडूच! फक्त नानांना दाखवायचा नाही."

तिने नानांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, वाकून नमस्कार केला. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते आत जाऊन आडवे झाले. गोधडी दोरीवर वाळत होती, म्हणून शाल डोक्यावरून ओढून घेतली.

एका छोट्या हाताने ती खसकन खाली ओढली.

"तोंड उघडं ठेवा, नाना. आतून काळे पडाल!"